आधी गाडी बंद करा

९ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद आहेच, तो दर पत्रात लिहीत बसत नाही. मुद्द्यावर येते.

तुझ्या महापालिकेला दुसरं काही काम उरलं नाही का? आज सकाळी दुकान उघडायच्या आधी मालकानं आम्हा सगळ्यांना एका रांगेत उभं केलं आणि सांगितलं, की गाडीत बसल्या बसल्या खाणं देणाऱ्या खिडक्या बंद करायचं महापालिकेच्या मनात आहे. का, तर रांगेत गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या राहतात आणि धूर होतो. मी म्हटलं, धूर काय आमच्याच बोळात होतो? सिग्नलला काय अत्तर निघतं?

अकरा वर्षं झाली मला त्या खिडकीत. गाडी आधी खांबापाशी थांबते, माणूस तिथल्या माईकवर काय हवं ते सांगतो, ते माझ्या कानात येतं, मी आत ओरडते, आणि गाडी पुढे खिडकीशी येईपर्यंत कॉफीवाला पिशवी माझ्या हातात ठेवतो. एवढंच काम. पण ते मला येतं. चौथी शिकलेल्या, पन्नाशी गाठलेल्या बाईला दुसरीकडे कोण उभं करतंय? हवा तपासायच्या खात्यात तू वीस वर्षं खुर्ची उबवतोयस. जरा तोंड उघड तिथे.

खिडकीवर कोण येतं ते तुम्हाला टेबलापाशी बसून कळायचं नाही. रोज आठच्या सुमाराला एक बाई येते, दोन काठ्यांवर चालणारी. गाडीतून उतरायला तिला दहा मिनिटं लागतात, पुन्हा चढायला पंधरा. तिला कोण सांगणार, की बाई गं, आत येऊन घे? तुझा साहेब?

फोन करू नकोस. दिवसभर कानात ते हेडफोनचं बोंडूक असतं, घरी आल्यावर कानाला काही लावावंसं वाटत नाही. पत्र लिही.

ताई


१६ जानेवारी

ती. ताईस,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि शेजारच्यानं विचारलं, कोण ओरडतंय. मी म्हटलं, बहीण.

अजून काही ठरलेलं नाही. एप्रिलमध्ये सुनावणी आहे, त्यात नगरसेवक ठरवतील. पण प्रश्न खोटा नाही, ताई. चालती गाडी निदान कुठेतरी पोहोचते. उभी गाडी नुसतीच जळते. सिग्नलला ती मिनिटभर जळते, तुमच्याकडे कधी दहा, कधी पंधरा मिनिटं. आणि तुमचा तो बोळ दोन भिंतींच्या मधला. धूर जाणार कुठे?

साहेब म्हणाले, एखाद्या खिडकीपाशी दोन महिने हवा मोजू, मग बोलू. मी तुझं दुकान सुचवलं. रागावू नकोस. मोजमाप कुठे ना कुठे होणारच होतं, आणि गाड्या किती येतात ते खरं लिहून देणारं माणूस माझ्या माहितीत एकच आहे. पुढच्या आठवड्यात बोळातल्या खांबावर एक पांढरा खोका लागेल. त्याला काही करायचं नाही. तू फक्त रोज किती गाड्या आल्या त्याच्या रेघा मार.

फोनचं तू लिहिलंस ते वाचलं. तीन वर्षं झाली, तू फोन उचलतच नाहीस. उचललास तर दोन वाक्यं बोलून ठेवून देतेस. आईच्या शेवटच्या दिवशी मी पोहोचलो नाही, त्याचा राग अजून आहे ना? असेल तर तसं सांग.

तुझा,
धाकटा


४ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझा खोका लागला. दिसायला पक्ष्याच्या घरट्यासारखा आणि आवाज मांजर घोरल्यासारखा. मालक रोज सकाळी त्याच्याकडे असं बघतो जसं काही त्यात तुझा साहेबच बसलाय. खोकेवाला माझा भाऊ आहे हे मी सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

रेघा मारतेय. जुन्या पावत्यांच्या पाठीवर पाच-पाचच्या जुड्या करते. सोमवारी दोनशे बारा, मंगळवारी एकशे नव्वद, बुधवारी पाऊस होता तेव्हा अडीचशेच्या वर. पाऊस आला की माणसाला गाडीतून पाय बाहेर काढवत नाही. पावत्या एकत्र बांधून पाठवते, तू बस मोजत.

तू सुचवलंस माझं दुकान. सख्ख्या बहिणीच्या पोटावर पाय द्यायला अख्ख्या शहरात हीच खिडकी सापडली तुला. खरं लिहून देणारं माणूस म्हणे. लोणी लावायला तू लहानपणापासून हुशार.

रागाचं काय विचारतोस? राग असता तर तोंडावर बोलले असते. मला काय लिहून राग काढता येतो का.

ताई


२१ फेब्रुवारी

ती. ताईस,

तुझ्या रेघा मिळाल्या. एका पावतीवर सॉसचा अंगठा आहे, तो मी गाडी म्हणून धरलेला नाही.

आता ऐक. खोक्याचे आकडे आले आणि आम्ही सगळे चक्रावलो. दिवसाला दोनशे गाड्या बोळातून जातात आणि धूर मोठ्या रस्त्याइतकाच. काही तासांना तर त्याहून कमी. साहेबांनी मला दोनदा विचारलं, खोका नीट लावलाय ना. मी स्वतः जाऊन बघून आलो. तू खिडकीत होतीस, हात केला, तू बघितलं नाहीस.

हेच आकडे शेवटपर्यंत राहिले तर अहवालात लिहावं लागेल, की या खिडक्यांमुळे हवेला विशेष फरक पडत नाही. मग बंदीचा प्रस्ताव बहुतेक बारगळेल. मला वाटत होतं त्याच्या हे अगदी उलट आहे. पण मोजलं ते मोजलं.

तुझी नोकरी वाचली म्हणायची.

धाकटा


२६ फेब्रुवारी

धाकट्या,

बघ. मी सांगत होते तेव्हा ऐकलं नाहीस, खोक्यानं सांगितलं तर पटलं. आता बोला म्हणावं.

मालकाला मी काही बोलले नाही, पण माझा चेहरा बघून कॉफीवाला म्हणाला, आज काय लग्न ठरलं का कुणाचं. हा कॉफीवाला माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. नऊ वर्षं पाठीला पाठ लावून उभे आहोत आम्ही, मी खिडकीकडे तोंड करून, तो यंत्राकडे. दोघांचीही नोकरी त्या खिडकीवरच. मी म्हटलं, तुझं आणि माझं ठरलं, अजून काही वर्षं इथेच उभं राहायचं. तो म्हणाला, एवढं वाईट काय केलं मी.

हात केलास ते दिसलं नाही. गर्दी होती.

ताई


१५ मार्च

ती. ताईस,

एक विचारायचं आहे. एक मार्चपासून दहा तारखेपर्यंत खोक्याचे आकडे एकदम चौपट झालेत. अकरा तारखेला पुन्हा खाली, जसं काही झालंच नाही. त्या दहा दिवसांत बोळात काही झालं का? रस्ता खणला? ट्रक येऊन उभा राहिला? तुझ्या पावत्याही त्या दहा दिवसांच्या कोऱ्या आहेत.

साहेबांचं म्हणणं, खोका बिघडला असणार, ते दहा दिवस सोडून द्या आणि बाकीच्यावर अहवाल लिहा. मलाही तेच सोयीचं आहे. पण बिघडलेला खोका दहा दिवसांनी आपला आपण दुरुस्त होत नाही, हे माझ्या डोक्यातून जात नाही. तुला काही माहीत असेल तर या आठवड्यात कळव. नाहीतर मी ते दिवस वगळतो.

धाकटा


१९ मार्च

धाकट्या,

मला काय माहीत? खोका तुझा. मी काय त्याची दाई आहे? पेन संपलं होतं म्हणून रेघा मारल्या नाहीत.

वगळ.

ताई


३० मार्च

धाकट्या,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. आधीची तीन फाडली, म्हणजे मला कळतं काय लिहायचं ते, फक्त लिहवत नव्हतं. मधे बोलू नकोस. पत्रात बोलता येत नाही तेवढं बरं आहे.

एक ते दहा मार्च मी तापानं घरी पडले होते. तुला कळवलं नाही, कारण तू आला असतास. माझ्या जागेवर मालकानं आतला पोळीभाजक उभा केला होता. आम्ही त्याला तसंच म्हणतो, तव्यावर पोळ्या भाजतो म्हणून.

आता खरी गोष्ट. माझा उजवा कान गेलाय. तीन वर्षं झाली. डावाही अर्धाच आहे. शांत जागी, समोर तोंड असलं तर मला सगळं कळतं, ओठ बघून घेते. पण कानातल्या बोंडुकात इंजिनाची घरघर आली की माणसाचं बोलणं त्यात बुडून जातं. पहिल्या महिन्यात इतक्या चुका झाल्या की मालक म्हणाला, लक्ष कुठे असतं. मग मी युक्ती काढली. माईकवर कुणी बोलायला लागलं की मी आधी सांगते, आधी गाडी बंद करा, मग बोला. ऐकलं नाही तर खिडकीतून अर्धी बाहेर येऊन सांगते. माझं तोंड तुला माहीत आहे. पुढच्यानं बंद केली की मागचाही बंद करतो. रोजचे आहेत ते बोळात शिरल्या शिरल्याच किल्ली फिरवतात. पुढची गाडी हलली तरच चालू करायची, नाहीतर माझी बोलणी खायची. मालकाला वाटतं मी खाष्ट आहे. लोकांनाही तेच वाटतं. मला तेच वाटू द्यायचं होतं.

तू खोका लावलास तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही, की यात माझा काही संबंध आहे. तुझं पंधरा तारखेचं पत्र वाचलं तेव्हा लख्ख कळलं. पोळीभाजकाचे कान धड आहेत, त्याला कुणाची गाडी बंद करायची गरज पडली नाही. एवढंच. खोका तुझा ठणठणीत आहे.

आणि मी लिहिलं, वगळ. खिडकी वाचत होती ना.

ते तसंच राहिलं असतं. पण परवा एक बाई चालत खिडकीशी आली. बोळाच्या भिंतीला लागून जी इमारत आहे, तिच्या पहिल्या मजल्यावर राहते. कधी बोललो नव्हतो. मला वाटलं, भांडायला आली. मी तोंड तयार ठेवलं. ती म्हणाली, तुम्ही मधे दहा दिवस नव्हता ना? मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं. ती म्हणाली, माझे वडील खिडकीशी झोपून असतात, त्यांच्या श्वासावरून कळलं. तुम्ही परत आलात तेही त्यावरूनच कळलं. तुम्ही गाड्या बंद करायला लावता ते वरून ऐकू येतं आम्हाला. वडील म्हणाले, जाऊन त्या बाईचे आभार मानून ये.

भांडली असती तर बरं झालं असतं.

मी त्या म्हाताऱ्यासाठी काही केलं नव्हतं रे. मी माझं बहिरेपण झाकत होते. आणि आता तेच झाकायला त्याचे ते दहा दिवस तुला पुसायला सांगितले.

आता तुला काय करायचं ते कर. नाही, थांब. आधी मला लिही.

ताई


३ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा खात्यातला माणूस म्हणून, दुसऱ्यांदा भाऊ म्हणून, तिसऱ्यांदा बायकोनं हातातून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. ती म्हणाली, म्हणजे आपण तीन वर्षं ज्यांना शिष्ट समजत होतो त्यांना ऐकूच येत नव्हतं. मी खाली मान घातली.

आईवरून रागावलीस असंच मी धरून चाललो होतो. तू फोन ठेवलास की मी मनात तेच उगाळत बसायचो.

आता अहवालाचं. खरं लिहायचं तर ते दहा दिवस आत घ्यावे लागतील आणि फरक का पडला तेही लिहावं लागेल. मी एवढंच लिहू शकतो, की 'त्या काळात खिडकीवरचा कामगार बदलला होता.' कानाचा उल्लेख टाळता येईल. पण तुमच्या दुकानात खिडकी एकच, तिच्यातली बाई एकच. मालक विचारेलच. आणि हे आत गेलं की बंदीच्या बाजूनं पारडं झुकणार. तुझी खिडकी तुझ्याच पत्रानं जाईल.

न लिहिलं तर कुणाला कळणार नाही. मला कळेल, तुला कळेल. मी इतक्या वर्षांत एकही आकडा बदललेला नाही, पण तू सांगितलंस तर हा बदलेन.

तू सांग.

धाकटा


६ एप्रिल

धाकट्या,

आकडा बदलायचा नाही. माझ्यासाठी तर अजिबात नाही. उद्या तुझी नोकरी गेली तर दोघं मिळून काय करणार, कोपऱ्यावर बसून गाड्या मोजणार?

सगळं लिही. कानासकट. अर्धवट लिहिलंस तर लोक म्हणतील, बाई बदलली म्हणून धूर कसा वाढला, बाई काय हवा खाते? सुनावणीला मी येते. तारीख कळव. आणि मला पुढच्या बाकावर बसव, मागून मला कुणाचे ओठ दिसणार नाहीत.

आईचा राग होता. अजून थोडा आहे. पण तो वेगळा, त्याचा फोनशी संबंध नाही. भेटलास की काढेन.

ताई


२४ एप्रिल

ती. ताईस,

सुनावणी संपल्यावर तू कुणाशी न बोलता निघून गेलीस. मी जिन्यापर्यंत हाक मारत आलो, मग आठवलं.

तू तिथे होतीस तरी तुला पुन्हा लिहितो, कारण तुला सगळं ऐकू आलं असेल असं वाटत नाही. मी अहवाल वाचला तेव्हा तुमचा मालक उठून म्हणाला, हे तर आमच्याच बाजूचं आहे. आमच्या बाईनं दाखवून दिलं की गाड्या बंद ठेवता येतात. मग नुसता तेवढा नियम करा, खिडक्या का बंद करता? सभागृहात बऱ्याच माना हलल्या. खरं सांगू, माझीही हलली.

तेव्हा तू उठलीस. अध्यक्षांनी परवानगी दिलीच नव्हती. तू म्हणालीस, "नियमानं नाही झालं ते. मला ऐकू येत नाही म्हणून झालं. कान चांगले असते तर मी तरी कशाला ओरडले असते? आता प्रत्येक खिडकीत एक बहिरी बाई बसवणार का तुम्ही?"

लोक हसले. तू हसली नाहीस. तू म्हणालीस, "हसू नका. वरच्या मजल्यावर एक माणूस झोपून आहे. मी आजारी पडायचं नाही, म्हातारी व्हायचं नाही, तरच तो श्वास घेणार. असं कसं चालेल?" मग माझा अहवाल चालू असताना दारं आपटून बाहेर गेलेले दोन नगरसेवक परत आत आले.

काठीवाल्या बाईचं तू बोललीस तेही लिहून घेतलं गेलं. काल ठराव झाला. भिंतीला लागून घरं असतील तिथल्या खिडक्या सहा महिन्यांत बंद. इतर ठिकाणी इंजिन बंद ठेवायचं, आणि नवीन खिडकीला परवानगी नाही. ज्यांना उतरता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक दुकानानं दाराशी जागा राखायची आणि सामान गाडीपाशी नेऊन द्यायचं.

म्हणजे तुमची खिडकी गेली. मला अभिनंदन लिहावं की काय लिहावं ते कळत नाही. दुकानात काय झालं? कानाच्या डॉक्टरची वेळ मी घेऊन ठेवलीय, नाही म्हणू नकोस.

धाकटा


९ मे

धाकट्या,

डॉक्टरकडे येते. नाही कशाला म्हणू, मला काय बहिरं राहायची हौस आहे?

दुकानातलं सांगते. सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी मालकानं माझ्या कानातलं बोंडूक काढून घेतलं आणि मला आत ट्रे धुवायला लावलं. ओरडला नाही. तेच जास्त लागलं. म्हणाला, तीन वर्षं फसवलंत. मी म्हटलं, हो.

मग ठरावाचा कागद आला. दाराशी जागा राखायची, सामान नेऊन द्यायचं, त्यासाठी एक माणूस लागणार. मी मालकाच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, ते काम मला द्या. तो म्हणाला, ऐकू येईल का? म्हटलं, समोर माणसाचं तोंड असलं की येतं, आणि तिथे माईक नाही. तो म्हणाला, विचार करतो. मी म्हटलं, विचार तुम्ही बसून करा, मी उभी आहे. पाचएक मिनिटं तो कागद हलवत बसला. मग म्हणाला, सोमवारपासून.

काठीवाली बाई पहिल्याच दिवशी म्हणाली, तुम्ही इतक्या बुटक्या आहात होय, खिडकीत उंच वाटायच्या.

तर माझं भागलं. पण खिडकीवर दोघांची नोकरी होती. मालकानं कॉफीवाल्याला सांगितलं, सहा महिन्यांनी खिडकी बंद, यंत्र एकच राहील, ते चालवायला पोळीभाजक पुरे. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. मी पिशव्या न्यायला आत गेले की पाठ करून उभा राहतो आणि पुटपुटतो. त्याला वाटतं मला कळत नाही. यंत्राच्या चकचकीत पत्र्यात त्याचं तोंड मला दिसतं. तो म्हणतो, हिनं खरं बोलायचं आणि किंमत मी द्यायची.

आणि धाकट्या, त्यात एक शब्द खोटा नाही. मी रोज ते बघते आणि पिशव्या उचलून बाहेर येते. खिडकी बंद होईपर्यंत गाड्या बंद करायला मी दारातून ओरडतेच, त्यामुळे वरचा म्हातारा बरा आहे असं त्याची मुलगी सांगते. मला आनंद होतो, आणि लगेच तो पत्रा आठवतो. दोन्ही एकदम पोटात राहतात. तुझ्या खोक्यात हे मोजता येत असेल तर बघ.

परवा मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, पाठ करायला जागाच ठेवली नाही. म्हटलं, मला शिव्या द्यायच्या तर समोरून दे, निदान नीट कळतील. म्हटलं, हे सगळं महापालिकेनं ठरवलंय, तर ज्यांची कामं गेली त्यांचं काय तेही तिनंच ठरवायला हवं. अर्ज लिही. तो म्हणाला, अर्जानं काय होतं? म्हटलं, एका खोक्यानं काय झालं ते बघितलंस ना.

त्यानं लिहिला. जेवणाच्या सुट्टीत, माझ्याकडे न बघता. शहरात अशा किती खिडक्या बंद होणार आणि त्यातले किती जण घरी बसणार, हे तुम्ही मोजलंय का, असं विचारलंय त्यात. माझ्याबद्दलही दोन ओळी आहेत, त्या बऱ्या नाहीत. मी त्या खोडायला लावल्या नाहीत.

अर्ज या पत्राबरोबर जोडलाय. साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेव, आणि त्यानं वाचेपर्यंत तिथून हलू नकोस.

ताई